मी न केलेला फोन

सुरुवातीलाच सांगून टाकते, आमच्या घरात शनिवारी नखं कापतात आणि मांजर आडवं गेलं तर त्याला दूध मिळतं. त्यात मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली... लोक काय म्हणतील, त्यापेक्षा मी स्वतः काय म्हणेन, हीच भीती.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. मी उज्जैनला युनिव्हर्सिटीत लेक्चरर होते, राहायला माधव नगरला. पीएच.डी.चा विषय होता एमआरआयने काढलेल्या मेंदूच्या चित्रांमधला धूसरपणा कॉम्प्युटरने कमी करणं. विषय झकास, पण उज्जैनमध्ये ना मशीन, ना त्या ताकदीचा कॉम्प्युटर! डिपार्टमेंटच्या एकुलत्या एका पीसीवर एक चित्र उघडेपर्यंत माझा चहा पिऊन कप विसळून व्हायचा.

इंदूरला तेव्हा एक खासगी स्कॅन सेंटर नवीनच सुरू झालं होतं. आठ महिने मी तिथे चकरा मारल्या. अर्ज दिले, शिफारशी आणल्या, दर आठवड्याला देवास गेटच्या एसटीडी बूथवरून फोन केले. तिथे रिसेप्शनवर सुनीता नावाची मुलगी होती, ती माझा आवाज नुसत्या 'हॅलो'वरून ओळखायची. शेवटी एकदाचे सेंटरचे डॉक्टर पाघळले — एक रविवार, दुपारी बारा ते तीन मशीन तुमचं. चित्रांचा डेटा टेपवर भरून मिळेल. त्याच सुमारास इंदूरच्या एका संस्थेने त्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करायची परवानगी दिली. मी घरात पेढे वाटले!

पाच निरोगी माणसं स्कॅनसाठी हवी होती. एम.एस्सी.चे पाच विद्यार्थी तयार होते, पण आदल्या दिवशी त्यातल्या एकाला खोकल्याची उबळ सुरू झाली. अर्धा तास न हलता पडून राहणं त्याला जमणार नव्हतं. मी डोक्याला हात लावून बसले, तेव्हा बद्रीलालजी म्हणाले, "मैडम, मेरा दिमाग चलेगा क्या?"

बद्रीलालजी आमच्या वर्कशॉपचे लेथ मेकॅनिक, लेथवर लोखंडाचे भाग कातून द्यायचे. वय पन्नाशीच्या पुढे, स्वभावाने एकदम सरळ. मशीनच्या चाचणीसाठी लागणारा अ‍ॅक्रिलिकचा डबा त्यांनीच मला बनवून दिला होता, त्यामुळे ते मशीन बघायची त्यांना फार हौस. मी त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतला. फॉर्म मीच टाइप केलेला होता — पेसमेकर आहे का, ऑपरेशन झालंय का, शरीरात कुठे प्लेट-स्क्रू आहे का. सगळ्याला 'नहीं'.

रविवारी साडेनऊला देवास गेटहून आम्ही सहाजण बसने निघालो. मी वाटभर पोरांना समजावत होते, आत गेल्यावर खूप ठकठक आवाज होईल, घाबरायचं नाही, हलायचं तर अजिबात नाही. सांवेरला बस थांबली तेव्हा सगळ्यांनी पेरू घेतले. मी जागेवरून उठलेसुद्धा नाही.

सेंटरला पोचलो तर सुनीता म्हणाली, "आइए मैडम. एक्स-रे वाले भैया को मैंने रोक के रखा है. संडे को ग्यारह बजे चले जाते हैं."

"एक्स-रे? किसका?"

"आपने ही तो फोन पे बोला ना, सवा दस बजे. कि आपके साथ जो आ रहे हैं उनमें से एक की बायीं आँख में लोहा है. एक्स-रे हुए बगैर मशीन के कमरे में नहीं जाने देना."

मी हसले. म्हटलं, बाई, सवा दहाला मी बसमध्ये होते. मोबाइल वगैरे तेव्हा कुठे होते! पण सुनीता हटेना. "मैडम, आठ महीने से आपकी आवाज़ सुन रही हूँ. आप ही थीं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मला वाटलं, डिपार्टमेंटमधलंच कुणीतरी खोडा घालतंय. इतक्या खटपटींनी मिळालेले तीन तास, आणि त्यातला अर्धा तास एक्स-रेमध्ये जाणार! मी सगळ्यांना एकेक करून विचारलं. पोरं नाही म्हणाली. बद्रीलालजी म्हणाले, "आँख में? नहीं मैडम, कुछ नहीं है." तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. मी त्यांना म्हटलं — हे लिहिताना आजही लाज वाटते — "सर, किसीका मज़ाक है. शुरू करते हैं ना?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "इनमें मशीन पर काम कौन करता है?"

बद्रीलालजींनी हात वर केला.

"बारीक लोखंड डोळ्यात असेल तर मॅग्नेट ते जागचं हलवतो," डॉक्टर मला मराठीत म्हणाले. "डोळा जाऊ शकतो. फोन कुणी का केला असेना, फोटो काढून टाकू." हा धोका मला ठाऊकच नव्हता. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता, कारण तो मला सुचलाच नव्हता.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. डाव्या डोळ्याच्या खोबणीत एक पांढरा ठिपका. मोहरीएवढासुद्धा नाही.

बद्रीलालजींनी जवळ जाऊन त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "नागदा के कारखाने में था तब... तीस साल हो गए होंगे, एक बार कुछ उड़ा था. कंपाउंडर ने धो दिया, दवा डाल दी. दो दिन में ठीक हो गया था." तीस वर्षं! त्यांची बायकोसुद्धा तेव्हा त्यांच्या आयुष्यात आलेली नव्हती. ते स्वतः विसरलेले, तर दुसऱ्या कुणाला कसं ठाऊक असणार?

मी तिथेच बाकावर बसले. सुनीताने पाणी आणून दिलं. बद्रीलालजी उलट माझीच समजूत घालत होते, "अरे मैडम, कुछ हुआ थोड़े ही ना." खरंच, काहीच झालं नव्हतं. ते वाक्य मी मनात कितीदा घोळवलं असेल... काही झालं नाही, काही झालं नाही.

त्यांना आम्ही बाहेरच बसवलं. चौघांचे स्कॅन झाले, टेप मिळाली. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, पण ते सुटकेचं. पोरांना वाटलं डेटा मिळाल्याचा आनंद.

पुढे चारच माणसांच्या डेटावर प्रबंध झाला आणि मंजूरही झाला. बद्रीलालजींच्या डोळ्याला त्या ठिपक्याने पुढे कधीही त्रास दिला नाही.

मी खूप विचार केला. मॅग्नेटचा धोका मी कुठेतरी वाचून विसरले असेन, मान्य. कुणी माझ्या आवाजाची नक्कल केली असेल, तेही मान्य. पण डावा डोळा? सुनीताला मी वर्षभराने पुन्हा विचारलं, तिने तेच सांगितलं, शब्दही न बदलता. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

बद्रीलालजींनी मात्र फोन कुणी केला हे कधीच विचारलं नाही. त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, बद्रीलालजी, खरं सांगते, तो फोन मी केला नव्हता.

ते हार सावरत म्हणाले, "किया तो आपने ही था, मैडम. आपको पता नहीं, तो क्या हुआ."