भीमरथीतला फोटो

रंगाराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईत, टी. नगरच्या बसमध्ये उभा होतो. "काका, साधा तापसुद्धा नव्हता हो," त्यांचा पुतण्या पुन्हापुन्हा सांगत होता. मी फोन ठेवून दिला. बोललो असतो तर वाईटच बोललो असतो.

बँकेत आमची टेबलं शेजारी होती. ते तंजावरकडचे मराठी, मी साताऱ्याचा. माझं मराठी वर्तमानपत्रासारखं आहे म्हणायचे. त्यांचं बखरीतलं, असं मी म्हणायचो. कशालाही उत्तर एकच, "परवायिल्लै". असू दे, चालतंय. किडन्या निकामी झाल्या, डायलिसिसमध्ये वर्षं गेली, तरी तेच. सत्तरीच्या तोंडावर एका अपघातात गेलेल्या मुलाची किडनी त्यांना मिळाली, त्या दिवशी मात्र हा माणूस ढसाढसा रडला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. या वयात शरीराची पहाऱ्याची ताकद थकलेली असते. परकी किडनी हाकलायला ती फारशी धावत नाही, ते आपल्या पथ्यावर पडतं. पण जंतू शिरले तरी ती धावत नाही. त्यात औषधांनी तिला आणखी दाबलेलं. "ताप यायलाही अंगात जोर लागतो," त्या म्हणाल्या. "तापाची वाट बघू नका. जेवण कमी झालं, गुंगी वाटली, तरी या." घरी पोचेपर्यंत यातलं पथ्यावर पडणारं तेवढंच उरलं. किडनीनं घर धरलं, सगळं बरं झालं!

मग भीमरथी शांती आली. सत्तरी पुरी झालेल्या नवराबायकोला पाटावर बसवायचं आणि नातेवाइकांनी एकेक करून मंत्रवलेलं पाणी डोक्यावर ओतायचं. पूजा करा, पण पाणी नको, गर्दी नको, असं मी त्यांच्या बायकोला, सरोजाबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, अक्कांना कोण सांगणार? अक्का म्हणजे रंगारावांची थोरली बहीण, त्यासाठीच तंजावरहून आलेली. शेवटी मी रंगारावांनाच गाठलं.

"आई गेल्यावर अक्कानंच न्हाऊ घातलं मला," ते म्हणाले. "आता तिचा हात कसा धरू...? परवायिल्लै."

हॉल भरला होता. पाण्यात फुलं, पानं, शंभर हात. भिजलेल्या रंगारावांना फोटोग्राफरनं मास्क काढायला सांगितला आणि त्यांनी तो काढला.

पुढच्या आठवड्यात ते जेवेनात, बसल्याबसल्या डुलक्या घेऊ लागले. दमलेत, घरचे म्हणाले. थर्मामीटर रोज लावत होते आणि रोज निर्धास्त होत होते. मी गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं, पण नाव आठवेना. मी आरडाओरडा करून त्यांना हॉस्पिटलात हलवलं, तोवर दोन्ही फुप्फुसं भरली होती.

ते पाण्यानं झालं की गर्दीनं, कुणाला सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, की किडनी शेवटपर्यंत उत्तम चालली होती. ज्या मुलाची ती होती त्याच्या आईला हे कुणी कळवू नये, असं मला वाटलं. तेराव्याला जो तो "देवाची इच्छा" म्हणत होता. देवानं काय केलं होतं? त्यानं तर किडनी दिली होती.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. भिंतीवर हार घातलेला फोटो भीमरथीतलाच आहे. केस ओले, कपाळाला पाकळी चिकटलेली, तोंड उघडं, हसरं. खांद्यावर अक्कांची बोटं तेवढी दिसतात, बाकीची अक्का कापून टाकली आहे. सरोजाबाई म्हणाल्या, "किती चांगले आलेत, नाही?"

चांगलेच आलेत.