अहिंसेचं स्पेलिंग

माझी सून जर्मन. लग्नानंतर ती पहिल्यांदा आमच्या घरी रत्नागिरीला आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. बाळासाठी ती एक दुपटं शिवत होती आणि त्याच्या कोपऱ्यात तिला इंग्रजी अक्षरांत 'अहिंसा' भरायचं होतं.

"आई, एम की एन?" तिनं इंग्रजीतून विचारलं.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी अडले. पुस्तकांत एम असतो, पण तो वाचून ती 'अहिम्सा' म्हणे. एन घातला की 'अहिन्सा'.

"ओठ मिटायचे नाहीत, जीभ टेकवायची नाही. आवाज नाकातून सोडायचा," आमचे हे मराठीतूनच तिला शिकवायला बसले. ह्यांची सारी हयात मासेमारीच्या बोटीवर गेलेली, इंग्रजीशी संबंध नाही. दोघं समोरासमोर बसून नाकातून हुंकारत होती. शेवटी हसत हसत तिनं एमच भरला.

मग अर्थाचा विषय निघाला. मी म्हटलं, "नॉन-व्हायोलन्स."

"ते ठाऊक आहे. तुमच्या घरात काय अर्थ?"

ती शाकाहारी आणि आमच्याकडे उपासाचे वार सोडले तर रोज मासळी. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, पण मी मराठीत सांगताच ह्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी हे जेवायला आत आलेच नाहीत. मागच्या अंगणात चुलीवर बांगडा भाजून, घराकडे पाठ करून एकटेच जेवत होते.

"बाबा बाहेर का?" सुनेनं विचारलं.

"तुला वासानं मळमळतं ना, म्हणून."

ती उठली. आपलं ताट उचलून गेली आणि ह्यांच्या शेजारी दगडावर बसली. डोळे भरले होते तिचे.

"बघ गो, रडवलं मी हिला," हे मला म्हणाले. "तिला सांग, आपल्यापायी कुणाला त्रास नको, अहिंसेतलं एवढंच मला समजतं. बांगड्याला विचारलंस तर तो म्हणेल, खोटं बोलतो हा."

'त्रास'ला मला नेमका इंग्रजी शब्द सापडेना. आधी ट्रबल म्हटलं, मग हर्ट म्हटलं. बांगड्याचं मात्र तिला लगेच कळलं. ती खळखळून हसली.

ह्यांनी माडाच्या झावळ्यांकडे पाहून वारा कुठला ते बघितलं, उठले आणि वास तिच्याकडे जाणार नाही अशा बाजूला जाऊन बसले. तिनं आपलं ताट थोडं त्यांच्याकडे सरकवलं.

मीही भात वाढून घेतला आणि त्यांच्यात जाऊन बसले.