खोक्यातलं गाणं

भोरच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो तेव्हा पुण्याहून मी शास्त्रीय संगीताच्या चार तबकड्यांचा संच आणला. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण खोका पाहून मी गारद झालो. किरमिजी कापड, सोनेरी अक्षरं, आत साटीनचं अस्तर, गुळगुळीत कागदाची पुस्तिका. एस्टीत नसरापूरला बसायला जागा मिळाली, तर तिथं मी खोक्याला बसवलं आणि स्वतः भोरपर्यंत उभा राहिलो.

माझे सासरे उत्रोलीचे शेतकरी, गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. त्यांचा उजवा कान केव्हाच गेला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. संच आल्याचं कळताच ते चालत आले.

"जावयबापू, मोठ्या गवयाचं गाणं एकदा कानावर पडू द्या. अजून येतंय मला ऐकू."

मी त्यांना हात धुवायला लावले आणि खोका दाखवला, पुस्तिकेतले फोटोही दाखवले. तबकडीवरचं प्लॅस्टिक फाडायला मात्र जीव धजेना. "दसऱ्याला सरस्वतीपुढं ठेवू, मग लावू," म्हणालो.

दसऱ्याला ते आले तेव्हा खोका पाटावर, झेंडूच्या फुलांखाली होता. पूजेतली वस्तू त्या दिवशी हलवू नये, हे मी त्या म्हाताऱ्याला शिकवलं! कापडावर हळदीचं बोट उमटलं, त्याचं दुःख मला आठवडाभर पुरलं. पुढं ते भातकाढणीत अडकले, आणि मी खोक्याला खोळ शिवून घेतली.

बायको भडकली. "बाबा काय खोका बघायला येत्यात? कान हाय तवर वाजवा की!"

मी म्हणालो, वस्तूची कदर असावी लागते.

संक्रांतीनंतर एकदाचा शाळेचा रेकॉर्डप्लेअर मागून आणला, सासऱ्यांना घेऊन आलो आणि प्लॅस्टिक फाडलं. आवाज इतका मोठा केला की शेजारी दारात आले. सासरे फिरणाऱ्या तबकडीकडं बघत गुडघ्यावर बोटानं ठेका धरून बसले. तो ठेका गाण्याशी कुठंच जुळत नव्हता. पखवाजावर त्यांचा हात कधी चुकलेला मी पाहिला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाणं संपलं तरी त्यांचं बोट चालूच होतं. बायकोनं ते हातात धरून थांबवलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि जावयाचं मन राखायला म्हणाले, "खोका मातुर लई झ्याक हाय."