उसवलेला सारस

बालाघाटच्या कचेरीत लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. दिवसभर फायली, संध्याकाळी भाड्याची खोली. सहा महिन्यांत माझ्याकडे सुट्टे पैसे मागणाऱ्या पानवाल्याशिवाय कोणी आपणहून बोललं नव्हतं.

भिंतीपलीकडे घरमालकीण मावशी राहायच्या. साडेपाचला त्यांच्या ओसरीवर चटई पडायची, मोहल्ल्यातल्या चार-पाच मुली भरतकाम शिकायला यायच्या आणि हसायच्या. मी भिंतीला कान लावून बसायचो. शेवटी एकदा पलीकडे गेलो आणि थाप मारली: बहिणीच्या रुखवतात ठेवायला एक पक्षी काढायचाय. बहिणीला तेव्हा दोन मुलं होती.

"शिका की," मावशी म्हणाल्या. "दर्जी काय बाई असते?"

त्यांनी कापडावर पेन्सिलीनं सारस काढून दिला. दोऱ्याचा एकच पदर घ्यायचा, लांब-आखूड टाके एकमेकांत मिसळायचे, आणि पिसं जशी अंगावर पडतात त्याच दिशेनं जायचं, मानेकडून शेपटीकडे. मी शेपटीकडून सुरुवात केली. आठवडाभरानं सारसाची सगळी पिसं उभी.

"बाबूजी, याले तुफानात उभं केलं का जी?" मावशींनी विचारलं.

मुली हसल्या, मीही हसलो. पुढच्याच आठवड्यात चहा घ्यायला उठलो तर कापड ताणून धरणारी लाकडी रिंग गुडघ्याला लोंबकळत आली. सारस पायजम्याला शिवला होता. तेव्हाही हसल्या. त्या दोन्ही चुका खऱ्या होत्या, देवाशपथ. नंतरच्या नव्हत्या.

कारण हात बसू लागला होता. महिनाभरात पक्षी पुरा झाला असता, आणि मग ओसरीवर कोणत्या तोंडानं जायचं? म्हणून रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी मी आदल्या दिवसाचं काम उसवायचो.

"काल तर पंख झालता," मावशी म्हणायच्या.

"रंग जमला नाही, मावशी."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मुलींचे मोर झाले, हरणं झाली. एकीचं लग्न ठरलं, तिचं हरीण खरंच रुखवतात गेलं. माझा सारस तेवढा एका पंखावर उभा.

एके दिवशी मावशींनी माझं कापड उजेडाकडे धरलं. उसवून उसवून पंखाच्या जागी नुसती छिद्रं उरली होती.

"हे आता टाका नाही धरत, बाबूजी."

त्यांनी मुलींकडे पाहिलं, आवाज खाली केला. "सुई राहू द्या. तसेच येत जा. चहा तर रोज होतेच."

मला एवढंच तर हवं होतं. आणि मी, इतका हुशार माणूस, काय म्हणालो? "नाही जमणार मावशी, कचेरीत फार काम निघालंय."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला चटई पडली.

"बाबूजी काहून नाही आले?" एका मुलीनं विचारलं.

"काम आहे म्हणे त्यायले."

मी अलीकडे खोलीतच होतो. आपण कचेरीत आहोत म्हटल्यावर स्टोव्हला पंप मारायची सोय नव्हती, आवाज पलीकडे गेला असता. खोकला आला तोही उशीत दाबला. त्यांची चटई गुंडाळली जाईपर्यंत तसाच उपाशी बसून राहिलो.