दक्षिणेकडच्या खोलीचा हक्क

एव्हरेट स्टॅनर्ड यांचा दफनविधी १९६१ सालच्या मार्चच्या नऊ तारखेला झाला आणि त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी त्यांच्या पत्नी लोइसबाई नॉर्थ हेवर्लीच्या नगर-कार्यालयात, पूर्वीच्याच वेळेला, म्हणजे नऊला पाच मिनिटे कमी असताना, हजर झाल्या. एकतीस वर्षे त्यांनी तेथे जमिनींचे दस्त वहीत उतरवून घेण्याचे काम केले होते. निवृत्तीला सात वर्षे झाली होती. दफनाच्या वेळी त्या रडल्या नाहीत हे गावाने पाहून ठेवले होते. त्यांनी स्वतःही पाहून ठेवले होते. रडू यायचे त्या जागी काहीच नव्हते. दात काढून आल्यावर जबडा जसा आपला वाटत नाही, तसे.

"आलीस? मला वाटलं, पेन्शन पुरत नाही म्हणून पुन्हा नोकरी मागायला आलीस," होबार्ट पिनी म्हणाला. तो आता मुख्य कारकून होता. एके काळी लोइसबाईंनीच त्याला शाईचा डाग कसा टिपायचा ते शिकवले होते.

"तिजोरी उघड, होबार्ट."

"उघडीच आहे. तू गेल्यापासून कुलूप लावायचं कोण लक्षात ठेवतंय!"

वह्यांच्या त्या तिजोरीवजा खोलीत त्यांचे एकच काम होते. एव्हरेटनी वीस वर्षे खपून आपल्या घराण्याचा इतिहास लिहिला होता. मूळ पुरुष एल्नाथन स्टॅनर्ड १६९८ साली या खोऱ्यात आला, त्याने जंगल तोडून घर उभारले, आणि त्याच्या पुढच्या पिढ्या एव्हरेटनी मृत्युपत्रे आणि खरेदीखते यांतून एकेक करून बाहेर काढल्या. गावचे इतिहास मंडळ ते पुस्तक छापणार होते. अट एवढीच, की प्रत्येक तारखेपुढे वहीचा आणि पानाचा क्रमांक हवा. दोनशे बारा पानांत एकच जागा कोरी राहिली होती. एल्नाथनची दुसरी बायको मेहिटेबल: 'मृत्यू १७९१, वय ९७, याच घरात.' पुढे क्रमांक नव्हता.

क्रमांक का नाही, हे लोइसबाईंना ठाऊक होते. ती तारीख एव्हरेटनी कोठे वाचली नव्हती, अनुमानाने काढली होती. १७३१ सालच्या मृत्युपत्रात एल्नाथनने घर पहिल्या बायकोच्या मुलाला, जोसायाला, दिले आणि मेहिटेबलला 'जिवंत असेपर्यंत दक्षिणेकडची खोली, तळघराचा तिसरा हिस्सा, पाव भाजण्याच्या दिवशी भट्टी आणि विहिरीपर्यंतची वाट.' पुढे घर घराण्यातल्या घराण्यात तीनदा हस्तांतरित झाले. तिन्ही दस्तांत हे कलम शब्दशः होते. १७९१ साली घर परक्याला विकले गेले, त्या दस्तात ते नव्हते. म्हणजे बाई तोवर जगली, असा एव्हरेटांचा हिशेब. पुढे त्यांच्या आजोबांनी ते घर परत विकत घेतले. दर नोव्हेंबरात सणाच्या जेवणातल्या टर्कीवर सुरी चालवताना एव्हरेट सांगत, "आमच्याकडची विधवा साठ-साठ वर्षं खोली सोडत नाही!" आणि लोइसबाईंकडे पाहून हसत. स्वतःच्या मृत्युपत्रातही त्यांनी तेच शब्द घातले होते: घर पहिल्या बायकोच्या मुलाला, कार्लटनला, लोइसला जिवंत असेपर्यंत दक्षिणेकडची खोली आणि विहिरीपर्यंतची वाट. विहीर १९३८ च्या वादळानंतरच बुजवून टाकली होती.

तो हक्क सोडून देण्याचा कागद दहा दिवसांपासून स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी पडून होता. कार्लटनला घर हार्टफर्डच्या एका दंतवैद्याला विकायचे होते. सही तेवढी हवी होती.

एव्हरेटनी १७३१ पासून १७९१ पर्यंतची प्रत्येक वही पाहिली होती. लोइसबाईंनी १७९२ ची काढली. लोक कागद कधी नोंदवायला आणतात, हे एकतीस वर्षे खिडकीमागे बसलेल्या माणसाला कळते. कागद केला जातो तेव्हा तो आणत नाहीत. कोणी तरी तो दाखवा म्हणते, तेव्हा पेटीच्या तळातून शोधून आणतात. नव्या मालकाने कधी ना कधी विचारले असणार, जुन्या दस्तांतली ही मेहिटेबल कोण?

तो दस्त चव्वेचाळिसाव्या पानावर मिळाला. नोंद १७९२ ची, दस्त मात्र ११ डिसेंबर १७३३ चा. मेहिटेबल, एल्नाथनची विधवा, आपला सर्व हक्क सावत्र मुलगा जोसाया याला सोडून देते. मोबदला एक गाय, एक पलंग अंथरुणासह, आणि वॉलिंगफर्डला भावाच्या दारापर्यंत पोहोचवणे. सहीच्या जागी निशाणी होती, एक वर्तुळ, पुरते न मिटलेले.

विधवा म्हणून ती त्या घरात अवघी दोन वर्षे राहिली होती. पुढची अठ्ठावन्न वर्षे ते कलम कोणासाठीच नव्हते. जुना दस्त समोर ठेवून नवा लिहिणाऱ्यांनी ते मान खाली घालून उतरवले होते. लोइसबाईंनीही अशी कलमे शेकड्यांनी उतरवली होती. त्यांनी पानाचा क्रमांक टिपला, वही जागेवर ठेवली आणि तिची पाठ इतर वह्यांच्या रांगेत आणली. काही वाटले का, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिले. वाटले नव्हते.

शनिवारी कार्लटन आला. शनिवारच्या रिवाजाप्रमाणे काकवीतला घेवडा भट्टीत होता, सवयीने दोघांपुरता. पाच आठवडे उरलेला अर्धा बुधवारी टाकला जात होता.

"लोइस, सही झाली का हो?"

"आधी जेव."

तो जेवला. त्याचे मन वाईट नव्हते. बूट दाराबाहेर काढून आला होता. जेवताना लोइसबाईंनी त्याला मेहिटेबलचे सगळे सांगितले.

"म्हणजे बाबांचं चुकलं?"

"एका जागी."

"आणि तिला गाय मिळाली." तो हसला. "मी काही गाय देत नाहीये. मेरिडनला दोन खोल्या बघितल्यात तुमच्यासाठी. चोवीस तास गरम पाणी. जोसायाच्या मानाने मी बराच उदार निघालो."

"निघालास खरा."

"मग करा सही. पेन देऊ?"

लोइसबाईंनी कागदाकडे पाहिले. सहीची रेघ सरळ आखलेली होती, टंकलेखन स्वच्छ होते, तक्रारीला जागा नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्यावर रागावलात का?"

त्यांनी खरोखरच शोधून पाहिले. "नाही. राग असता तर सोपं झालं असतं. सहीसाठी हात उचलावा असं काही सापडत नाही, एवढंच. तुला विकायचं तर वीक. दंतवैद्याच्या खरेदीखतात कलम येईल."

"खोली अडवून बसलेल्या बाईसकट घर कोण घेतो!"

"मग न घेवो. आणि कलम पुरतं लिही. विहिरीच्या वाटेसकट."

"विहीर बुजवून तेवीस वर्षं झाली, लोइस!"

"वाट बुजवलेली नाही. घेवडा आणखी वाढू?"

त्याने वाढू दिला. जाताना कागद घडी करून खिशात घातला, बूट घातले, आणि दारातून वळून म्हणाला, "जोसायाला सावत्र आई बरी सापडली होती."

"तिच्या वेळी डिसेंबर होता, सगळा हिवाळा समोर होता," लोइसबाई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी पुस्तकाचे पान पुन्हा टंकलिखित केले. १७९१ गेले, सत्त्याण्णव गेले, 'याच घरात' गेले. त्या जागी आले: 'मृत्यूची नोंद आढळली नाही; ११ डिसेंबर १७३३ पर्यंत हयात,' आणि पुढे वहीचा व पानाचा क्रमांक. एव्हरेटांचे जुने पान त्यांनी फाडले नाही, खाली ठेवले.

मग वरच्या मजल्यावरची आपली उशी आणि दोन पांघरुणे त्यांनी खाली दक्षिणेकडच्या खोलीत आणली. हक्क त्या खोलीचा होता, वरच्या मजल्याचा नव्हता. संध्याकाळी त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि विहिरीच्या झाकणापर्यंत चालत गेल्या. बर्फ नुकताच विरघळला होता. चिखल घोट्यापर्यंत होता. त्या झाकणाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि त्याच वाटेने परत आल्या.