धुक्यात उतरलेले देवधर

कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी चहा टाकायला उठते. बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, धुकं कसं तयार होतं ते फळ्यावर आकृती काढून समजावलंय... त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. पण जे झालं ते झालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहाडगंजची भाड्याची जागा सोडून आम्ही नुकताच गाझियाबादला नव्या कॉलनीत फ्लॅट घेतला होता. अशा कॉलन्या भराभर उठत होत्या, पण वेळेत दिल्ली गाठायला भरवशाची एकच — सकाळची ईएमयू लोकल. डबे वाढवले तरी माणसं दारात लटकायचीच. माझे मिस्टर त्याच गाडीने तिलक ब्रिजला जायचे. ठरलेला डबा, ठरलेली पत्त्यांची मंडळी. त्यागीजी आणि चोप्रा त्यातलेच.

जानेवारी होता. ह्यांना रात्रीपासून ताप. सकाळी खिडकीतून समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नव्हती. घरी फोन नव्हता, बूथ लांब — ऑफिसला कळवायचं राहूनच गेलं. हे दिवसभर रजईत, मी शेजारी. संध्याकाळी ताप उतरला, हे उठून बसले, आणि बेल वाजली. दार ह्यांनीच उघडलं.

बाहेर त्यागीजी आणि चोप्रा. ह्यांना बघताच चोप्रा मागे सरकून कठड्यालाच टेकले. त्यागीजींनी ह्यांचे दोन्ही दंड चाचपले... आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाला रडू फुटलं.

"देवधरजी, आप घर कब आए?"

"मैं तो आज गया ही नहीं. बुखार है."

मी पाणी दिलं. मग त्यागीजी अडखळत सांगू लागले. सकाळी हे रोजच्या डब्यात होते. पत्ते नको म्हणाले, खिडकीशी बसून राहिले. मंडावली स्टेशनच्या पुढे गाडी धुक्यात थांबली. तेव्हा हे उठले, "घर पे बता देना," एवढंच म्हणाले आणि उलट्या बाजूने रुळांवर उतरले. लगेच शेजारच्या लाइनवरून एक्सप्रेस धडधडत गेली. दोघांनी खाली उतरून शोधलं — काहीच नाही. ऑफिसात फोन केला तर "आज आए नहीं". मग दिवसभर पोलीस, हॉस्पिटलं... आणि आता मला सांगायला आले होते.

"कोई और होगा, यार," हे हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "कोहरे में..."

"कोहरा डब्बे के अंदर था क्या?" चोप्रा एकदम चिडले. "अपने हाथ से मूँगफली दी आपको! मेहंदी रंग का नया स्वेटर पहने थे. मैंने पूछा भी, भाभीजी ने बुना?"

मेहंदी रंगाचा स्वेटर आतल्या खोलीत, पिशवीत होता. सुयांवर. एक बाही व्हायची होती. ह्यांनासुद्धा मी तो दाखवला नव्हता.

ते दोघे गेल्यावर मी तो उसवायला घेतला.

"अगं, काय करतेस हे?"

"मला काही विचारू नका."

घाईघाईत लोकर गुंततच गेली. शेवटी कात्रीने कापली.

सोमवारी हे पुन्हा त्याच गाडीने निघाले. मी भांडले, रडले. "दुसरी गाडी आहे कुठे?" म्हणाले — आणि खरंच नव्हती. कित्येक महिने संध्याकाळी जिन्यात ह्यांची पावलं वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. पण काही झालं नाही. हे नीट रिटायर झाले, आता मेट्रोने दिल्लीभर फिरतात. त्यागीजी मात्र शेवटपर्यंत आपल्या शब्दावर ठाम होते.

मला आजही याचा उलगडा झालेला नाही. भीतीही आता तेवढी उरली नाही. पण थंडीत कधी दाट धुकं पडलं की एक विचार मन सोडत नाही... माझा माणूस माझ्याजवळ, रजईत होता. मग त्या दिवशी जो उतरला, त्याची वाट कोण बघत बसलं असेल?