उंदराचा घास

लवूतात्यांच्या हातांना दोनच गोष्टी कळतात, कापड आणि माती. उमेदीचा सगळा काळ त्यांनी मुंबईत हिंदमाताला साड्यांच्या एका दुकानात, पांढऱ्या गादीवर मांडी घालून काढला. घडी हातात आली की मनगटाला एक हिसका द्यायचे आणि साडी अशी पसरायची, की गावच्या वहाळाला वरच्या अंगानं पाणी सुटलंय असं वाटावं. बायका भाव विचारायचं विसरायच्या. पुढं दुकानातून निवृत्त झाले आणि हात रिकामे झाले. पण कोकणातला माणूस रिकामे हात घेऊन किती दिवस बसणार? त्याला कुठंतरी बोटं खुपसायला माती लागते.

ती माती त्यांना चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीमागेच सापडली. चाळ आणि मागची दगडी भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी होती. मोडकी कपाटं, फुटके माठ आणि कुणाकुणाच्या लग्नातल्या गंजलेल्या खुर्च्या तिथं पडलेल्या असायच्या. भिंतीपलीकडं बंद गिरणीची मोकळी जागा, माणसाच्या उंचीचं रान माजलेली. तात्यांनी पट्टी उपसली. गावाहून येताना शेणखताची पिशवी एस.टी.त मांडीवर घेऊन आले. शेजारचा प्रवासी नाक दाबून म्हणाला, "आजोबा, काय आहे यात?" तात्या म्हणाले, "खाऊ हा. झाडांचो."

आता तिथं अळू डोलतं. सुरण जमिनीखाली गुपचूप फुगतो. लाल माठ आहे, भेंडी आहे, आणि भिंतीवरून पडवळं लोंबतात. ती वाकडी होऊ नयेत म्हणून तात्या प्रत्येकाच्या शेपटीला सुतळीनं दगड बांधतात. गॅलरीतून बघणाऱ्याला वाटतं, भिंतीनं कानात डूल घातलेत.

ही बाग काही हौसेची नव्हे. ती ऋषीच्या भाजीची बाग. गणपती घरी आले की दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरटीचं धान्य नको, नांगरटीची भाजी नको. माणसानं स्वतःच्या हातांनी उकरून पिकवलेलंच चालतं. बाजारातल्या भाजीचं काय सांगावं? म्हणून त्या दिवशी अख्ख्या मजल्याची भाजी तात्यांच्या पट्टीतून निघते, आणि तात्यांच्या बायकोच्या, कौसल्याकाकींच्या टोपात शिजते.

शेजारच्या खोलीतली संघमित्रा परळच्या एका इस्पितळात रक्त तपासायचं काम करते. तिच्या घरात गणपती नाही, व्रत नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण ऋषीच्या भाजीला पहिली वाटी घेऊन हजर.

"काकी, आता शेतात बैल कुठंय?" तिनं एकदा विचारलं होतं. "सगळा ट्रॅक्टर. मग ट्रॅक्टरची भाजी चालायला पाहिजे."

काकी ढवळता ढवळता म्हणाल्या, "ट्रॅक्टराचो इचार ऋषींनी करूक नाय. वाटी पुढं कर."

तर अशा या सुखाच्या बागेत यंदा श्रावणात घूस आली.

घूस म्हणजे उंदीर नव्हे. उंदीर चोरासारखा येतो, घूस मालकासारखी येते. अंगानं मांजराएवढी, केस राठ, आणि चालणं एखाद्या पहिलवानाचं. वरच्या मजल्यावरच्या गंगुबाईंचा बोका एरवी चाळीत दादागिरी करत फिरायचा. त्यानं तिला एकदा बघितलं आणि जिन्यावर जाऊन पाय चाटत बसला. घुशीनं अळवाखाली बीळ काढलं. पट्टीभर मातीचे ढीग घातले. सुरणाचा एक गड्डा अर्धा खाऊन अर्धा तसाच ठेवला. आणि एक दिवस तर चाळीच्या नळाखालची फरशीच खचली.

चाळीचा सेक्रेटरी अजित मागं आला. चांगला मुलगा, तात्यांच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. त्यामुळं त्याला बोलणं जड जात होतं.

"तात्या, मीटिंगमध्ये ठरलंय. गणपती झाले की ही पट्टी पूर्ण फरशीनं बंद करायची. लोक म्हणतात घूस बागेमुळं आली. उद्या चाळीचा पाया पोखरला तर?"

तात्या पडवळाचा दगड उगाच सारखा करत राहिले.

"माझ्या हातात एवढंच आहे," अजित म्हणाला, "हरतालिकेला सकाळी मी येऊन बघेन. ताजी उकरलेली माती दिसली नाही, तर मी सगळ्यांना सांगेन, घूस गेली, बाग राहू दे. दिसली तर तात्या, माझा इलाज नाही."

"दिसायची नाय," तात्या म्हणाले. आवाज दुकानातला होता, रंग जाणार नाही असं सांगतानाचा.

मग सुरू झाली लढाई. कुणी म्हणालं, औषध घाला. तात्या म्हणाले, "ज्या मातीतली भाजी तुमच्या पोरांक घालूची, तिच्यात इख घालू?" कुणी चिकट पुठ्ठा आणून दिला. त्यावर अडकलेला उंदीर कसा ओरडतो ते तात्यांनी दुकानात एकदा ऐकलं होतं. त्यांनी पुठ्ठा परत केला. उरला पिंजरा. लालबागेतून मोठा, दणकट तारांचा पिंजरा आणला. त्यात सुकं खोबरं लावलं. खोबऱ्याला मुंग्या लागल्या. बटाटावडा लावला. वडा सकाळी तसाच, फक्त थंड. तूप लावलेली चपाती लावली. घूस पिंजऱ्याला वळसा घालून गेली, आणि जाताना एक भेंडी उपटून गेली.

"तात्या, बोंबील लावा," संघमित्रा म्हणाली.

"श्रावण हा गो बाय. आमच्या घरात सुक्या माशांचो डबो गणपती उठासर, इसर्जनापर्यंत, माळ्यावर."

"श्रावण तुमचा आहे. घुशीचा नाही."

संघमित्रानं आपल्या गॅसवर बोंबील भाजला. वास गॅलरीभर फिरला. श्रावण पाळणारी सगळी चाळ त्या संध्याकाळी दारात उभी राहून खोल श्वास घेत होती. काकींनी तेवढं दार लावून घेतलं, पण खिडकी लावायला विसरल्या. बोंबील पिंजऱ्यात टांगला गेला.

सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं. तात्या धावले. आत गंगुबाईंचा बोका, मिशा पुसत बसलेला.

"माझ्या बाळाला कैदेत टाकलंत!" गंगुबाई वरून ओरडल्या.

"बाळान बोंबील खाल्ल्यान तो कोणाचो, ता इचारा त्येका," तात्या खालून म्हणाले, आणि दार उघडलं. बोका बाहेर आला, थांबला, आणि पुन्हा एकदा आत जाऊन वास घेऊन आला.

चाळ हसली. तात्याही हसले, पण खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. काकींनी चहा ठेवला. तो गार झाला. "एवढा काय ता," त्या म्हणाल्या, पण त्यांनाही ठाऊक होतं एवढं काय ते. बाग गेली असती तर तात्यांनी सकाळी उठून जायचं कुठं?

त्या दिवशी संघमित्राला सुट्टी होती. संध्याकाळी ती मागं कपडे वाळत घालत होती, तेव्हा तात्या खाली उतरले. हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर वरणभात, वर तुपाची धार. अळवाच्या मुळाशी त्यांनी पान ठेवलं, हात जोडले आणि वळले.

"तात्या, हे कोणाला?"

"उंदराक. आमच्या गावची रीत. श्रावण लागलो की गणपती उठासर रोज उंदराचो घास काढूचो. त्येका त्येचा दिला की तो शेताक तोंड लावणा नाय. आजो सांगायचो."

संघमित्रानं हातातला चिमटा दोरीवर लावला. मग पानाकडं बघितलं, शेजारच्या बिळाकडं बघितलं, पलीकडच्या पिंजऱ्याकडं बघितलं.

"रोज ठेवता?"

"एक दिवस चुकाक नाय."

"तुपासकट?"

"तुपाशिवाय कसलो घास?"

"मग तात्या," ती हसू दाबत म्हणाली, "जिला तुम्ही रोज दारात ताट वाढताय, ती तुमचा थंड वडा खायला पिंजऱ्यात कशाला जाईल?"

तात्या उभेच राहिले. पानावरच्या भाताची वाफ वर चढत होती. एका हातानं पिंजरा आणि दुसऱ्या हातानं पंगत, असा हा इतक्या दिवसांचा कारभार त्यांना एकदम दिसला. मान ताठ ठेवून ते जिना चढले, पण कान लाल झाले होते.

काकींना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून बराच वेळ हलत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता?"

"आता काय. घास पिंजऱ्यात ठेवतंय. घूस सरळ आत."

काकींचं हसू थांबलं. "घास दिऊन दगो? गणपती दारात येतलो तेव्हा त्येच्या उंदराक काय सांगशात?"

तात्यांनाही ते बोलतानाच टोचलं होतं. रीत मोडली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण रीत आमिष म्हणून वापरायची, हे त्यांच्या आज्याच्या घरात कुणी केलं नव्हतं. आणि घास बंद केला, तर उपाशी घूस सुरणाचा उरलेला अर्धाही खाईल.

आज्याची आठवण आली म्हणून ते आठवतच राहिले. तिन्हीसांजेला आजा पान घेऊन निघायचा. लहानगा लवू मागं. खळं ओलांडायचं, नाचण्याचा तुकडा ओलांडायचा, भात ओलांडायचं, आणि अगदी शेवटच्या बांधावर, जिथं आपलं शेत संपतं आणि रान सुरू होतं, तिथं आजा पान ठेवायचा. लवूचे पाय दुखायचे. "हयच ठेवया ना," तो म्हणायचा. आजा ऐकायचा नाही.

तात्या उठून बसले. "कौसल्या, घास बांधार ठेवूचो असता. मी शेतात ठेवलंय."

मुंबईच्या त्या चिंचोळ्या पट्टीत बांध कुठला आणि शेत कुठलं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. पाहुण्याला ओसरीवर वाढायचं, ते त्यांनी थेट माजघरात वाढलं होतं.

पण घासाचं पान एकदम लांब नेऊन चालणार नव्हतं. हे तात्यांना दुकानानं शिकवलं होतं. बाई एखाद्या साडीवर अडून बसली की ती साडी ओढून घ्यायची नाही. दुसरी हळूच तिच्या कडेला सरकवायची, मग तिसरी तिच्या पुढं. बोलत राहायचं. थोड्या वेळानं बघावं तर बाई गादीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असते, आणि तिला वाटतं आपणच सरकलो.

दुसऱ्या संध्याकाळी पान अळवापासून हातभर पुढं. तिसऱ्या संध्याकाळी भेंडीच्या पलीकडं. मग भिंतीच्या पायथ्याशी. भिंतीखाली पाणी जायला एक भोक होतं. मग पान त्या भोकाच्या तोंडाशी, आणि मग काठीनं ढकलून भोकाच्या पलीकडं, गिरणीच्या रानात. पिंजरा उलटा करून त्यावर तात्यांनी कोथिंबिरीची कुंडी ठेवली. घूस ज्या बिळातून निघून जायची, तिथं ते विटांचे तुकडे आणि फुटक्या कौलांचा चुरा ठोकून भरत होते. संघमित्रा कामावरून येताना रोज गॅलरीतून विचारायची, "तात्या, गिऱ्हाईक कुठवर आलं?"

"काठापर्यंत. बघता हा. घेता काय ता बघूया."

एक दिवस माती सपाट राहिली. दुसऱ्या दिवशीही. अळवानं नवं पान सोडलं. तात्या चहा गरम पिऊ लागले.

हरतालिकेची सकाळ उजाडली. अजित आला, मागून दोघंचौघं मीटिंगवाले. तात्या धुतलेला सदरा घालून पुढं झाले, आणि बघतात तर काय! माठाच्या वाफ्यात मोठा खड्डा. शेजारी ताज्या, ओल्या मातीचा ढीग.

अजितनं खाली बघितलं. मग तात्यांकडं बघितलं नाही. "तात्या..." एवढंच म्हणाला.

तात्यांना महिनाभराचं तूप, विटांचे तुकडे, आज्याचा बांध, सगळं त्या खड्ड्यात गेल्यासारखं वाटलं. ते खाली बसले. सवयीनं हात मातीत गेला. बोटं थांबली. खड्ड्याची कड सरळ होती, कापल्यासारखी. घुशीला नखं असतात, तिच्याकडं उलथनं नसतं.

"ह्या कोणी काढल्यान?" तात्या ओरडले.

वरच्या गॅलरीत गंगुबाई उपाशीपोटी, नाकात नथ घालून उभ्या होत्या. "ओरडताय काय! मी नेली माती. हरतालिकेच्या पिंडीला वाळू मिळाली नाही कुठं. देवाच्या कामाला चिमूटभर नेली."

"चिमूटभर?" संघमित्रा आपल्या दारातून म्हणाली. "गंगुआजी, एवढ्यात तर अख्खं देऊळ होईल."

अजित आधी हसला. मग मागचे हसले. अजितनं सगळी पट्टी फिरून बघितली. एकही ताजा ढीग नाही, बिळाच्या तोंडावर कौलाचा चुरा घट्ट बसलेला. जाताना त्यानं तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "फरशीचं रद्द. नळाखालचं तेवढं दुरुस्त करून घेतो. पण तात्या, घालवली कशी?"

"घालवूक नाय," तात्या म्हणाले. "पोचवली."

पंचमीला कौसल्याकाकींच्या टोपात अळू होतं, माठ होता, पडवळ होतं, आणि घुशीनं सोडलेला तो अर्धा सुरणही होता, चांगला खरवडून. संघमित्रा पहिली वाटी घेऊन आली. अजितनं दोनदा वाढून घेतली आणि तिसऱ्यांदा बायकोसाठी म्हणून मागितली. चाळीत त्या दिवशी बैलाचे कष्ट कुणी खाल्ले नाहीत. घुशीचे उपकार मात्र सगळ्यांनी खाल्ले.

गौरीबरोबर तात्यांच्या घरचा गणपती उठला, विसर्जन झालं. माळ्यावरचा डबा खाली आला. त्या संध्याकाळी घर भाजलेल्या बोंबलाच्या वासानं भरून गेलं आणि तात्या जेवायला बसायच्या आधी सवयीनं पान घेऊन उठले. मग थबकले. गणपती उठले, घासाचे दिवस संपले.

काकींनी त्यांच्याकडं बघितलं, मग पानाकडं. त्यांनी भात वाढला, तुपाची धार सोडली, आणि वर बोंबलाचं एक डोकं ठेवलं.

"आज तिचो पण श्रावण सुटलो," त्या म्हणाल्या. "जावा. बांधार ठेवन येवा."